गाडीच्या ब्लोअरचा आवाज शोधून काढताना

डॅशबोर्डच्या आतून येणारा आवाज माणसाला फार फसवतो, कारण तो जिथे ऐकू येतो तिथे बहुतेक वेळा तयार होत नसतो. हवेच्या नळ्या डॅशबोर्डभर पसरलेल्या असतात आणि अगदी डाव्या कोपऱ्यातली खरखर त्या नळ्यांतून फिरून चालकाच्या समोरच्या जाळीतून बाहेर पडते. आमच्या गाडीतल्या अशाच एका आवाजाचा छडा लावण्यात २०२४ चा जवळजवळ सगळा पावसाळा गेला. त्या काळात गॅरेज, सर्व्हिस सेंटर, एस्टिमेट आणि सुटे भाग यांच्या फेऱ्यांतून जे कळले, ते दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहीत आहे.

आमची गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये चिपळुणात जुनी विकत घेतली. तिच्यात एसी तापमानाचा आकडा लावून चालणारा, म्हणजे ऑटोमॅटिक आहे. पुढच्या हकिकतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. आम्ही गुहागरजवळ राहतो आणि गाडी अंगणात उभी असते, जिथे एका बाजूला आंब्याचे झाड आणि दुसऱ्या बाजूला सुपारीच्या पोफळी आहेत. मी शाळेत शिकवते. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे त्यांना दर महिन्याला चिपळूणला डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि गाडीचा मुख्य उपयोग तोच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस नीट सुरू झाला आणि त्याच सुमारास ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमधून हवा सोडणारा पंखा, लावला की डॅशबोर्डमधून खरखर येऊ लागली. पंखा पहिल्या दोन आकड्यांवर असताना ती हलकी असे, चौथ्या आकड्यावर बोलणे ऐकू येऊ नये इतकी वाढत असे. सकाळी गाडी थंड असताना तिच्यात एक बारीक, दात शिवशिवावेत असा चीत्कारही मिसळत असे, जो दहा-पंधरा मिनिटांनी कमी होई. याशिवाय अधूनमधून टकटक असा वेगळाच आवाज येई आणि आपोआप थांबे. उन्हाळ्यात असे झाले असते तर ब्लोअर बंद करून काचा खाली करता आल्या असत्या. कोकणातल्या पावसात ते शक्य नसते. काचा बंद, आत तीन माणसांचे ओले कपडे आणि श्वास, त्यामुळे समोरची काच आतून पाहता पाहता धुरकटते आणि ती साफ ठेवायला एसी लावून काचेवर हवा सोडणे हाच खात्रीचा मार्ग असतो, कारण एसीतून आलेली हवा कोरडी असते. ब्लोअर बंद पडला तर मार्गताम्हाने ते रामपूर या वळणांच्या रस्त्यावर मुसळधार पावसात गाडी चालवणे धोक्याचे आहे. त्यामुळे आवाजाकडे दुर्लक्ष करण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्यांदा गाडी शृंगारतळीच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे बॉनेट उघडून आवाज ऐकल्यावर इंजिनाचा पट्टा (बेल्ट) बदलावा लागेल असे सांगण्यात आले. पट्टा बदलायला माझी हरकत नव्हती, पण बॉनेट उघडे असताना बाहेर काहीच ऐकू येत नव्हते आणि गाडीत बसल्यावर स्पष्ट ऐकू येत होते, ही गोष्ट मनाला पटेना. शेजारच्या दुकानात ट्रकची वायरिंग करणारे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "बाई, गाडी बंद करा, नुसती चावी फिरवा आणि पंखा लावा. पट्टा असेल तर आवाज थांबेल." मी तसे केले. इंजिन बंद, चावी फक्त ऑनवर, आणि पंखा चौथ्या आकड्यावर. खरखर जशीच्या तशी होती.

ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि निम्मे संशयित बाजूला काढते. पट्टा, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि त्याचा क्लच हे सगळे इंजिनावर फिरतात. इंजिन बंद असताना त्यांचा आवाज येऊच शकत नाही. उलट आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत असेल आणि पंख्याच्या आकड्याशी त्याचा संबंध नसेल, तर डॅशबोर्ड उघडायला कोणी सांगितले तरी उघडू देऊ नये. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबले की सहसा हीच स्थिती मिळते. मात्र इंजिन बंद ठेवून पंखा फार वेळ चालवू नये, बॅटरी उतरते.

त्या रात्री पाऊस थांबल्यावर मी वही घेऊन गाडीत बसले आणि एका वेळी एकच बटण बदलत काय होते ते लिहून काढले. आधी पंख्याचा प्रत्येक आकडा, मग एसी चालू आणि बंद, मग आतली हवा आणि बाहेरची हवा, मग तापमान सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, आणि शेवटी तोंडावर, पायांवर आणि काचेवर हवा. प्रत्येक वेळी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला कोणते बटण कुठे आहे ते तोंडाने सांगितले. नाहीतर नंतर सगळी रेकॉर्डिंग सारखीच वाटतात. घरातल्या माणसाला मागच्या सीटवर आणि नंतर डाव्या सीटवर बसवून, कान डॅशबोर्डला लावून ऐकायला सांगितले.

वहीत दोन गोष्टी उघड दिसल्या. खरखर फक्त पंख्याच्या वेगाबरोबर बदलत होती. एसी बंद केला तरी, तापमान बदलले तरी, हवा कुठूनही सोडली तरी तिच्यात फरक पडत नव्हता आणि डाव्या सीटपुढच्या कप्प्याच्या मागे ती सर्वांत मोठी होती. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्लोअर बहुधा तिथेच असतो. टकटक मात्र पंखा पूर्ण बंद असतानाही येत होती: चावी ऑन केल्यावर लगेच काही सेकंद, आणि आतली हवा–बाहेरची हवा हे बटण दाबले की पुन्हा तितकीच. म्हणजे हा एक आवाज नव्हताच. दोन वेगळे बिघाड एकाच ठिकाणाहून बोलत होते आणि एकत्र ऐकल्यामुळे कोणालाच अर्थ लागत नव्हता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मलाही तिने काही वेळ गोंधळात टाकले. आतल्या हवेचे बटण दाबले की धडधाकट गाडीतही पंख्याचा आवाज वाढतो, कारण तेव्हा हवा ओढण्याचे तोंड डॅशबोर्डखाली, आपल्या पायांजवळ उघडते. ती वाढ म्हणजे बिघाड नव्हे. एसी बंद केल्यावर काही क्षण येणारी बारीक सुस्कारही नेहमीची असते. तो गॅसचा दाब समान होण्याचा आवाज आहे. पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी झाले आहे का ते पाहावे.

शनिवार, ६ जुलै रोजी सकाळची शाळा आटोपून गाडी चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरला नेली. फोनवरून वेळ घेतली होती, तरी जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवण्याचे कार्ड, व्हायला तासभर गेला. अ‍ॅडव्हायझरांनी तक्रारीच्या रकान्यात 'एसीचा आवाज' एवढेच लिहिले. मी विनंती केली की दोन ओळी वाढवा: इंजिन बंद असतानाही येतो, पंख्याच्या वेगाबरोबर वाढतो; दुसरी टकटक हवेचे बटण बदलल्यावर येते. त्यांनी ते लिहिले. हा आग्रह जरूर धरावा असे मी सांगेन, कारण गाडीवर काम करणारा तंत्रज्ञ तुम्हाला कधी भेटत नाही, त्याच्या हातात फक्त ते कार्ड असते.

संध्याकाळी कळले की एसीचा फिल्टर बदलला आहे, फोम मारून साफसफाई केली आहे आणि आता आवाज नाही. बिल १,९७० रुपये झाले, त्यात ५२० फिल्टरचे होते. काढलेला फिल्टर मी पाहायला मागितला. त्याच्या घड्यांमध्ये पानांचा चुरा होताच, पण त्याबरोबर तपकिरी, केसाळ असा भुगाही बसला होता, जो ओळखायला पोफळीखाली राहणाऱ्या माणसाला वेळ लागत नाही. तो सुपारीच्या सालीचा होता. मी त्याचा फोटो काढून ठेवला. जुना भाग पाहायला मागण्यात संकोच वाटून घेऊ नये. पुढे हाच फोटो सगळ्यात उपयोगी पडला.

परतताना रामपूर येण्याआधीच खरखर सुरू झाली. फोन केला तेव्हा सांगण्यात आले की आमच्याकडे आवाज आलाच नव्हता. त्यात तथ्य असावे, कारण गाडी चाळीस किलोमीटर चालून तिथे पोहोचली तेव्हा सगळे तापलेले होते आणि थंडपणीचा चीत्कार केव्हाच मावळला होता. म्हणून पुढच्या वेळी मी गाडी शुक्रवारी संध्याकाळी तिथे ठेवली आणि एसटीने घरी आले, म्हणजे शनिवारी, २० जुलैला सकाळी त्यांनी ती थंड असतानाच सुरू करावी. हा उपाय लागू पडला. दुपारी फोन आला की आवाज मिळाला आहे, तुम्ही या.

तिथे जे एस्टिमेट हातात पडले ते ४१,२५० रुपयांचे होते. ब्लोअर, कूलिंग कॉइल, फ्लॅप (हवेची वाट बदलणारी झडप) यांसह डॅशबोर्डखालचा संपूर्ण संच २९,००० रुपये, त्यावर २८ टक्के जीएसटी ८,१२०. डॅशबोर्ड उतरवून चढवण्याची मजुरी ३,५०० आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ६३०. (सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा दरही १८ टक्के झाला आहे, तेव्हा आज हाच आकडा थोडा कमी दिसेल.) मी विचारले की नेमका कोणता भाग खराब आहे. उत्तर मिळाले की पूर्ण संचच बदलावा लागतो, आतले भाग सुटे मिळत नाहीत. ब्लोअर बाहेर काढून पाहिला आहे का, या प्रश्नावर ते म्हणाले की तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय उघडता येत नाही. त्या अ‍ॅडव्हायझरांचे बोलणे सौजन्याचे होते आणि त्यांच्यावर राग धरावा असे काही घडले नाही. पण ज्या भागाकडे कोणी डोळ्यांनी पाहिले नाही, त्यासाठी चाळीस हजार रुपये मागणे मला तेव्हाही अयोग्य वाटले आणि आजही वाटते.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, ज्याने माझी त्या रात्रीची झोप उडाली: "गाडी एकवीसच्या पुरात होती का?" २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. आमची गाडी त्या वेळी चिपळुणातच होती आणि आम्ही ती पुढच्या वर्षी घेतली. पुराचे पाणी आत गेलेल्या गाडीत ब्लोअरच्या डब्यात गाळ बसतो, मोटर गंजते आणि असेच आवाज येतात. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्येच गाडीच्या नंबरवरून तिचा आधीचा सर्व्हिस इतिहास छापून मागितला. मालकाला तो मिळतो. मला आरसीची प्रत आणि ओळखपत्र दाखवल्यावर तिथल्या तिथे मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीचे फक्त नेहमीचे ऑइल-फिल्टर झाले होते. घरी आल्यावर पुढचे दोन्ही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, कारण गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ राहते आणि ती धुणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, गालिच्याखालचा स्पंज हेही पाहिले. कुठे गाळ नव्हता. चिपळूण, खेड, महाड या भागांत जुनी गाडी घेणाऱ्याने हे सगळे घेण्याआधीच पाहावे.

एस्टिमेट नामंजूर करताना जॉब कार्डावर 'ग्राहकाने काम नाकारले' असे लिहून सही घेतात. त्याने काही बिघडत नाही. तपासणीचे ५०० आणि कर ९० असे ५९० रुपये भरले, पावती घेतली, एस्टिमेटची छापील प्रत मागून घेतली आणि गेट पास दाखवून गाडी बाहेर काढली. वॉरंटी शिल्लक असलेल्यांनी मात्र हे पाऊल विचार करून उचलावे, कारण बाहेर डॅशबोर्ड उघडला तर पुढच्या दाव्याला अडचण येऊ शकते. उंदरांनी केलेले नुकसान सहसा वॉरंटीत धरले जात नाही, हेही नियमावलीत वाचून घ्यावे.

यानंतर पावसाने आणि शाळेच्या कामाने काही दिवस गेले. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी चिपळुणातल्या गाड्यांच्या एसीचेच काम करणाऱ्या एका कारागिराचे नाव सुचवले. १० ऑगस्टला त्यांच्याकडे गेले. मोटर किंवा गॅस यांतले काहीही त्यांनी आधी काढले नाही. वहीतली पाने वाचली, फोनमधली दोन रेकॉर्डिंग ऐकली आणि फिल्टरचा फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "बाई, ह्या गाडीत फिल्टर पंख्याच्या पुढे नाय, मागे आहे. बाहेरचा कचरा आधी पंख्यात पडतो, पंखा तो कुटतो आणि भुगा फिल्टरवर जातो. पंख्यात काहीतरी बसलंय." फिल्टर बदलून आणि फोम मारून काही का झाले नाही, ते मला त्या एका वाक्यात समजले.

डावीकडचा कप्पा उतरवायला त्यांना दोन मिनिटेही लागली नाहीत. खाली वाकून त्यांनी वायरचा कनेक्टर सोडवला आणि आधी तो उजेडात धरून पाहिला. अडकत फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि मग हा कनेक्टर तापून तपकिरी होतो, वितळतोही. आमचा अजून पांढरा होता. मग तीन स्क्रू काढून ब्लोअर सरळ खाली ओढला.

हा पंखा घरातल्या पंख्यासारखा पात्यांचा नसतो. तो दंडगोल पिंजरा असतो, ज्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढ्या रुंदीच्या, उभ्या, वाकलेल्या पट्ट्या असतात. आमच्या पिंजऱ्याच्या तळाशी ओल्या सालींचा गोळा एका बाजूला घट्ट चिकटून बसला होता आणि नारळाच्या काथ्याचे धागे मोटरच्या दांड्याभोवती सुताच्या रिळासारखे गुंडाळले गेले होते. काजूचे एक अर्धे टरफल दोन पट्ट्यांमध्ये अडकले होते आणि शेजारची पट्टी टोकाला तुटली होती. उंदराच्या लेंड्या होत्या, कुबट वास होता. पुराचा गाळ मात्र अजिबात नव्हता, आणि ते पाहून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. कारागिराने काथ्या ब्लेडने कापून काढला, पिंजरा ब्रशने घासला आणि मला एका पट्टीवर बसवलेली धातूची छोटी चाप दाखवली. ती कचरा नसते. पंख्याचा तोल साधण्यासाठी कारखान्यातच ती बसवलेली असते आणि साफ करताना ती काढली तर पंखा कायमचा थरथरतो. घरी ब्लोअर उघडून साफ करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मग त्यांनी दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवायला सांगितला. तो हलला. फार नाही, पण बोटाला स्पष्ट जाणवेल इतका, आणि हलताना आतून सूक्ष्म टक् असे लागत होते. बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजले होते. चिकटलेल्या गोळ्यामुळे पंखा एका बाजूला जड होऊन फिरत राहिला, त्यात दमट खारी हवा, आणि त्या ओढीने बुश गेले असे त्यांचे निदान होते. सकाळचा चीत्कार त्या बुशाचा. वळणावर आवाज थोडा बदलत असे, त्याचाही उलगडा झाला, कारण गाडी वळते तेव्हा सैल दांडा एका बाजूला झुकतो. साफ केलेला पंखा परत लावल्यावर खरखर जवळजवळ गेली आणि मागे फक्त चीत्कार उरला. उघडणे आणि साफ करणे यांचे त्यांनी ७०० रुपये घेतले.

पंख्यासह मोटर सुटी मिळते, हे त्यांनी माझ्यासमोर कोल्हापूरच्या एका दुकानाला फोन करून पक्के केले. किंमत ३,६५० रुपये. दुकानाने मॉडेलचे वर्ष विचारले नाही, चेसिस नंबर मागितला, कारण एकाच वर्षात दोन प्रकारच्या मोटरी वापरल्या गेल्या होत्या. दिसायला सारखी पण उलट दिशेने फिरणारी मोटर आली तर हवा कमी येते आणि आवाज वाढतो, असे ते म्हणाले. म्हणून आरसीवरून नंबर अक्षर-अक्षर वाचून सांगितला आणि जुन्या मोटरवरच्या स्टिकरचा फोटोही पाठवला. आंबा घाटात पावसामुळे वाहतूक रखडत होती, त्यामुळे पार्सलला वेळ लागला. २४ ऑगस्टला मोटर बसली. बसवण्याचे ५०० रुपये. चावी फिरवून पंखा पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत नेला आणि फक्त हवेचा आवाज ऐकू आला. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्यांनी विचारले की पंखा लावला आहे ना.

टकटक अजून शिल्लक होती. ऑटोमॅटिक एसीत आतली आणि बाहेरची हवा यांच्यामधला फ्लॅप एक छोटी मोटर फिरवते, जिच्या पोटात प्लॅस्टिकचे दातेरी चाक असते. चाकाचा एखादा दात तुटला की मोटर त्याच जागी घसरत राहते आणि ठरलेला वेळ संपला की थांबते. तीच ती टकटक. या मोटरला गॅरेजमध्ये अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. तोच बदलायचा होता, पण कारागिराने आधी तो सोडवून फ्लॅप हाताने फिरवून पाहिला, आणि तो अर्ध्यावर अडला. वरच्या कोपऱ्यात काथ्याचा आणि सुक्या पानांचा बोळा होता. फ्लॅप अडकला म्हणून दात तुटला होता. नुसता नवा अ‍ॅक्च्युएटर लावला असता तर त्याचाही दात थोड्याच दिवसांत तुटला असता. कुठेही हे काम करून घेताना फ्लॅप हाताने पूर्ण फिरतो का, हे आपल्यासमोर पाहायला सांगावे.

अ‍ॅक्च्युएटर २,१५० रुपयांचा होता, पण तो लवकर मिळाला नाही. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, चाकरमानी यायला लागले होते, महामार्गावर गाड्यांच्या रांगा होत्या आणि गॅरेजमध्ये मुंबईहून आलेल्या गाड्यांची गर्दी होती. कारागिरांनी स्वतःच सांगितले की गौरी-गणपती होऊ दे, घाईत प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटतात. तोपर्यंत फ्लॅप हाताने बाहेरच्या हवेवर ठेवून त्याच्या मोटरची वायर काढून ठेवली, त्यामुळे काच धुरकटण्याची अडचण आली नाही. २१ सप्टेंबरला नवा भाग बसला, मजुरी ८००. बसवल्यावर चावी ऑन करून, कोणत्याही बटणाला हात न लावता थोडा वेळ थांबायचे होते, म्हणजे फ्लॅप दोन्ही टोकांना जाऊन आपली जागा शिकतो. काही गाड्यांत यासाठी स्कॅनर लावावा लागतो.

त्याच दिवशी हा कचरा आत आणणाऱ्या उंदराची वाट शोधली. वायपरखाली, काचेच्या पायथ्याशी जी काळी प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्याखालून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती उचलल्यावर दिसले की आंब्याची पाने कुजून त्यांचा थर झाला आहे, पाणी वाहून जाण्याचे एक भोक बुजले आहे आणि हवेच्या तोंडावरची प्लॅस्टिकची जाळी एका कोपऱ्यात कुरतडली आहे. पाणी तुंबले की ते थेट ब्लोअरवर उतरते, तेव्हा हे भोक मे महिन्यातच साफ करावे. तोंडावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवली; साधी लोखंडी जाळी खाऱ्या हवेत गंजते. जाळी २५० आणि बसवणे ३०० रुपये. गाडी उभी करताना आतल्या हवेचे बटण दाबून मगच चावी काढावी असेही कारागिरांनी सांगितले, कारण बहुतेक गाड्यांत फ्लॅप शेवटच्या स्थितीत राहतो आणि बाहेरचे तोंड झाकलेले राहते. गाडीत उंदराचे विष ठेवायला त्यांनी सक्त मनाई केली. उंदीर नळीत मेला तर वास काढायला खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

सर्व्हिस सेंटरचे २,५६० आणि कारागिरांकडचे सर्व मिळून ८,३५० असा एकूण खर्च १०,९१० रुपये झाला. मे २०२५ मध्ये, पावसाच्या तोंडावर, कप्पा उतरवून मी फिल्टर पाहिला. त्यावर धूळ होती, सालीचा भुगा नव्हता. जाळीही शाबूत होती, फक्त तिच्यावर आंब्याचा वाळलेला मोहोर साचला होता. तो ब्रशने काढला आणि काळी पट्टी परत बसवताना तिची एक खुंटी तुटलेली दिसली, ती शृंगारतळीत वीस रुपयांना मिळाली.